एकट्याच्या भोवतीचे सहाशे आवाज

टेनसीसी या इंग्रज बँडचं ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे 1975 सालचं गाणं हेडफोन लावून ऐकावं, आणि ऐकताना शब्दांच्या फार मागे लागू नये. शब्दांत काय आहे ते पहिल्या मिनिटातच कळतं. एक पुरुष सांगतोय की आपण प्रेमात नाही. फोन केला म्हणून भलतं काही समजू नकोस. तुझा फोटो भिंतीवर लावलाय तो मागचा डाग झाकायला. इतक्या सबबी कुणी उगाच देत नाही, हे ऐकणाऱ्याला केव्हाच उमगलेलं असतं. लक्ष द्यायचं ते कोण कुठे उभं आहे याकडे.

गायक एरिक स्टुअर्ट बरोब्बर मधे आहे. हेडफोनमध्ये ही ‘मधली’ जागा खरी नसतेच. डाव्या आणि उजव्या कानात एकच आवाज सारख्याच जोराने आला की मेंदू तो कपाळाच्या मागे कुठेतरी नेऊन ठेवतो. तिथे हा माणूस एकटा उभा, आवाज जवळजवळ बोलण्याच्या पातळीवर. त्याच्या खाली एक बोथट ठोका. आणि दोन्ही बाजूंना, थेट कडेपर्यंत, ‘आ’कार लावून धरलेले माणसांचे आवाज. त्यांना शब्द नाहीत. श्वासही नाही, एवढा लांब स्वर कुठल्या छातीत मावणार? ते नुसते फुगतात, ओसरतात, एका स्वरसमूहातून दुसऱ्यात सरकतात. मधला माणूस ‘नाही’ म्हणतो आणि त्याच्या भोवतीची सगळी जागा ‘हो’ म्हणते. या गाण्यात नकार मधे आहे आणि कबुली कडेला.

मांडणी सुंदर आहे, पण जोखमीची. कडेला ठेवलेला आवाज स्टिरिओत जितका ऐसपैस वाटतो तितकीच तो मोनोत हरवायची भीती असते. आणि त्या साली हे गाणं असंख्य लोकांच्या कानावर आधी मोनोतच पडलं. बीबीसी रेडिओ वन तेव्हा 247 मीटरवर, म्हणजे मीडियम वेव्हवर लागायचा. स्वयंपाकघरातला ट्रान्झिस्टर, गाडीतला एकुलता एक स्पीकर. (आपल्याकडेही चित्र वेगळं नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘शोले’ आला, मिनर्व्हात 70 मिमीच्या पडद्यासोबत स्टिरिओफोनिक आवाजाची नवलाई आली, पण घरी परतल्यावर त्याच सिनेमाची गाणी रेडिओच्या एका जाळीमागूनच यायची.) मोनोत डावं आणि उजवं मिळून एकच होतं. त्या बेरजेत हा वृंद पुसला गेला असता तर मागे काय राहिलं असतं? प्रेमात नाही असं सांगणारा एक माणूस, आणि त्याला खोटं पाडणारं कुणीच नाही. गाण्याचा अर्थच उलटा झाला असता. तसं झालं नाही. ब्रिटनमध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत दुसऱ्यापर्यंत पोचलं. म्हणजे ती कबुली एका स्पीकरमधूनही लोकांना ऐकू आली होती. कशी, ते समजून घेण्यात माझ्या मते या गाण्याची निम्मी गोडी आहे.

मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावात स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता, तो या बँडचाच. स्टुडिओ स्वतःचा असल्यामुळे तासाचं भाडं डोक्यावर नव्हतं, आणि या गाण्याला तीच चैन लागत होती. आधी ते बोसा नोव्हाच्या चालीवर बसवलं होतं. कुणाला आवडलं नाही, टाकून दिलं. पण स्टुडिओतली माणसं ते गुणगुणत राहिली, तेव्हा बँडमधल्या केव्हिन गॉडलीने सुचवलं की वाद्यं जवळपास काढून टाकू आणि आवाजांनीच करू. चार जणांच्या बँडने वृंद आणायचा कुठून? तो त्यांनी स्वतःतूनच काढला. गॉडली, लोल क्रीम आणि ग्रॅहम गोल्डमन या तिघांनी मिळून एकच स्वर लांबवून म्हणायचा, तो 16 वेळा टेपवर घ्यायचा, म्हणजे एका स्वराला 48 आवाज. मग पुढचा अर्धस्वर, पुन्हा 16 वेळा. असं करत सगळी सप्तकाची शिडी. हिशेब केला तर आकडा सहाशेच्या आसपास जातो. दिवसभर ‘आ’ म्हणत उभं राहिलेल्या त्या तिघांची मला नेहमी थोडी दया येते.

प्रत्येक स्वराच्या त्या अठ्ठेचाळीस आवाजांची टेपची एक कडी केली, सुमारे बारा फुटांची, टेप मशीनमधून निघून बाहेरच्या स्टँडला वळसा घालून परत येणारी. कडी इतकी लांब, कारण टेपचा जोड येतो तिथे बारीकसा धक्का लागतो. तो जितका उशिरा येईल तितका बरा. मग या कड्यांचा आवाज मल्टिट्रॅकवर एकेका ट्रॅकला एक स्वर असा उतरवला. आता मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य झालं. फेडर वर केला की तो स्वर उगवतो, खाली ओढला की मावळतो. चौघांनी टेबलाभोवती उभं राहून, आपापले फेडर सांभाळत, गाण्याच्या स्वरसंगती हातांनी वर-खाली करत वाजवल्या. आणि यातला सर्वांत खोडकर तपशील असा की फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून त्यांच्या तळाशी चिकटपट्टी लावली होती. त्यामुळे सगळे स्वर, एकमेकांशी न जुळणारेसुद्धा, अगदी खालच्या पातळीवर गाणंभर धुमसत राहतात. हा माणूस कितीही नाही म्हणो, मागचं ते पूर्ण बंद होतच नाही.

आता रुंदीकडे येऊ. आजचा कुणी होतकरू इंजिनिअर हाच परिणाम कसा साधेल? एकच ‘आ’ घेईल, त्याची प्रत काढेल, मूळ डावीकडे टाकेल, प्रत उजवीकडे, आणि प्रत थोडी मागे सरकवेल. दहा-पंधरा मिलिसेकंद. हेडफोनमध्ये जादू होते. मघाशी कपाळामागे असलेला आवाज अचानक खोलीभर पसरतो. यामागचं तत्त्व जर्मनीत ग्योटिंगेनला हेल्मुट हास याने 1949 च्या प्रबंधात तपासलं होतं. तोच आवाज काही मिलिसेकंदांनी, साधारण तीसेकपर्यंत, उशिरा पुन्हा आला तर कान त्याला वेगळा मानत नाही, पहिल्यातच सामावून घेतो. दिशा पहिल्याची धरतो, भरीवपणा दुसऱ्याकडून घेतो.

फसवणूक उघडी पडते ती मोनोचं बटण दाबल्यावर. आता मूळ आणि प्रत एकाच तारेत आहेत, आणि दोघांत अंतर आहे 10 मिलिसेकंदांचं. ज्या कंपनाला अर्धा फेरा पुरा करायला नेमका तेवढाच वेळ लागतो, ते मूळ आवाजात वर जात असताना प्रतीत खाली येत असतं. दोन्ही मिळून शून्य. हा खड्डा पडतो 50 हर्ट्झला, मग 150 ला, 250 ला, 350 ला, असा दर शंभरावर वरपर्यंत. अंतर 1 मिलिसेकंद केलं तर खड्डे 500, 1500, 2500 ला. म्हणजे नेमके माणसाच्या आवाजाच्या अंगावरच. जे ऐकू येतं त्याला इंजिनिअर कोम फिल्टरिंग म्हणतात. ऐकणाऱ्याला एवढंच जाणवतं की आवाज पोकळ झाला, पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा. आणि अंतर कायम असल्यामुळे खड्डे जागचे हलत नाहीत. गाणं बदललं तरी पोकळपणा तोच.

याहून सोपी आणि याहून वाईट युक्ती म्हणजे प्रत उलटी करणं, म्हणजे तिची वरची लाट खाली आणि खालची वर. हेडफोनमध्ये आवाज डोक्याच्या बाहेर गेल्यासारखा वाटतो, थोडं गरगरतंही. मोनोत तो उरतच नाही. खड्डे नाहीत की पोकळपणा नाही, थेट शांतता.

तिसरा मार्ग सभ्य आहे आणि जुनाही. ईएमआयचा इंजिनिअर ॲलन ब्लमलाइन याने डिसेंबर 1931 मध्ये स्टिरिओच्या पेटंटचा जो अर्ज केला त्यातच त्याचं मूळ आहे. डावं-उजवं असा विचार करण्याऐवजी बेरीज-वजाबाकी असा करायचा. दोन्हीकडे जे समान आहे ती बेरीज, म्हणजे मधला भाग. दोन्हीकडे जे वेगळं आहे ती वजाबाकी, म्हणजे कडेचा भाग. वजाबाकीचा जोर वाढवला की चित्र रुंद होतं. आज मिक्सिंगच्या अनेक प्लगिनमध्ये रुंदीचं जे बटण असतं ते बहुधा हेच करतं. याचा सभ्यपणा असा की मोनो करताना वजाबाकी आपली आपण गळून पडते आणि मधला भाग शाबूत राहतो. पोकळपणा येत नाही. पण गळून पडतं ते पडतंच. म्हणून या बटणाने जे रुंद करायचं ते शोभेपुरतं असावं. गाण्याचा अर्थ ज्याच्यावर उभा आहे ते तिथे ठेवू नये. ब्लमलाइनला आपल्या शोधाचं पुढे काय झालं हे बघायला मिळालं नाही. 1942 मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. स्टिरिओ रेकॉर्ड्स घराघरांत यायला त्यानंतर दीड दशक लागलं.

स्टॉकपोर्टच्या त्या तिघांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी प्रत काढली नाही, पुन्हा गायलं. फरक किरकोळ वाटतो, पण सगळं त्यातच आहे. माणूस तोच स्वर दुसऱ्यांदा लावतो तेव्हा तो किंचित उशिरा लागतो, केसभर चढा किंवा उतरा लागतो, मधेच जरा हलतो, आणि हे सगळं दर क्षणी बदलत राहतं. दोन आवाजांच्या लाटा एखाद्या कंपनावर एकमेकींना खोडतात, लगेच तिथून निसटतात, दुसरीकडे जुळतात. खड्डा एका जागी टिकतच नाही. अठ्ठेचाळीस आवाज असले की कानाला फक्त एक सौम्य हेलकावा जाणवतो, आणि तो हेलकावा मोनोतही तसाच राहतो. ख्यालगायकाच्या दोन्ही बाजूंना दोन तानपुरे असतात ते आठवावेत. दोन्ही एकाच षड्जावर, पण एका लाकडाचे नाहीत, एका हाताने छेडलेले नाहीत, दोघांची जवारी तंतोतंत एक कधीच नसते. त्या दोघांच्या मधे जी भरलेली जागा तयार होते ती एकाच तानपुऱ्याचा आवाज दोन स्पीकरमधून सोडून मिळत नाही. आणि सभागृहाच्या अगदी मागच्या रांगेत, जिथे डावं-उजवं काही कळत नाही, तिथेही ती भरलेलीच असते.

मग मोनोत काहीच जात नाही का? जातं. मधला आवाज डावी-उजवीकडे तंतोतंत सारखा असल्यामुळे बेरजेत दुप्पट होतो, म्हणजे 6 डेसिबलने वाढतो. कडेचे आवाज एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे साधारण 3 डेसिबलनेच वाढतात. हिशेबाने वृंद गायकाच्या तुलनेत 3 डेसिबल मागे सरतो. हा तोटा गणिताचा आहे, टाळता येत नाही; चांगला मिक्स करणारा तो आधीच धरून चालतो. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचा पर्याय असतो, तो चालू करून गाणं ऐकून बघावं. वृंद भिंतीसारखा दोन्ही बाजूंना न राहता गायकाच्या पाठीमागे जातो. नकार जरा ठाम होतो, कबुली जरा दबकी. पण मागे कुणीतरी आहे हे कळतंच. माझ्या कानाला तर त्या गायकाची कोंडी मोनोत थोडी वाढल्यासारखी वाटते. पळायला कड उरलेली नसते.

तो खालचा बोथट ठोकाही बघण्यासारखा आहे. तो ड्रम नाहीच, मूग सिंथेसायझरवर गॉडलीने काढलेला आवाज आहे. असा खर्जातला आवाज मधे ठेवावा हा नियम नुसत्या कानाच्या आवडीतून आलेला नाही, रेकॉर्डच्या चरीतूनही आलाय. स्टिरिओ रेकॉर्डच्या चरीत बेरीज सुईला आडवी हलवते आणि वजाबाकी उभी. खर्जाची लाट मोठी असते. ती डावी-उजवीकडे विरुद्ध निघाली तर चर कुठे खोल जाते, कुठे उथळ होते, आणि सुई उडते. म्हणून लॅकर, म्हणजे रेकॉर्डची मूळ तबकडी, कापणारे इंजिनिअर खालचे स्वर सक्तीने मधे आणत. आज रेकॉर्ड कापायची नसली तरी हा नियम मोडण्यात शहाणपण नाही. सभागृहात, क्लबात, गणपतीच्या मांडवात खर्जाचे स्पीकर बहुधा मोनोच वाजतात, आणि तिथे रुंद केलेला बास दुबळा होऊन बाहेर पडतो. रुंदी द्यायचीच तर दोन-तीनशे हर्ट्झच्या वर द्यावी.

आणखी एक गोष्ट इथे ऐकण्यासारखी आहे, ती म्हणजे काय काय रुंद केलेलं नाही. मोठा ड्रमसेट नाही. चौफेर गिटारी नाहीत. 1975 साली सोळा ट्रॅक हाताशी असताना हा संयम सोपा नव्हता. त्याच वर्षी क्वीनने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त तीन गळ्यांचा ऑपेरा उभा केला तो याच्या अगदी उलट वृत्तीने, आवाज इकडून तिकडे फेकत. तेही मला आवडतं, पण तिथे रुंदी हा खेळ आहे. इथे मधला माणूस इतका अरुंद ठेवलाय म्हणून भोवतालचं अफाट वाटतं. हल्ली उलट होतं. गायकाचा आवाज दुहेरी, गिटार दुहेरी, सिंथवर कोरस, सगळ्यांवर रुंदीचं प्लगिन. डावं-उजवं किती जुळतं हे दाखवणारी मीटरची कोरिलेशनची सुई शून्याच्या खाली लोळत असते आणि गाणं काही मोठं वाटत नाही. मोठं वाटायला कुणीतरी लहान असावं लागतं.

मधल्या भागात वृंद ओसरतो, आणि एक बाई कुजबुजते. ती गायिका नव्हती, स्टुडिओची सेक्रेटरी होती. फोन आलाय हे सांगायला दबक्या पावलांनी, दबक्या आवाजात आत आली आणि तोच आवाज हवा होता असं त्या मंडळींच्या लक्षात आलं. मोठ्या मुलांनी रडायचं नसतं अशा अर्थाचं काही ती म्हणते. माझ्या मते गाण्यातली सर्वांत हुशार निवड ही. सहाशे आवाजांनी शब्दांशिवाय जे सांगितलं ते ही एकटी शब्दांत सांगते, आणि सांगते तेही समजूत घातल्यासारखं, जणू रडणं चालू आहे हे तिने गृहीतच धरलंय. कुजबुजीचं ध्वनिशास्त्र बघितलं तर तीही मोनोला न घाबरणारी आहे. तिच्यात सूर नसतो, श्वासाचा खरखराट असतो. तो ऐकायला जागा लागत नाही, आजूबाजूला शांतता लागते, आणि ती त्यांनी करून दिली.

याच मधल्या भागात एक चावीचं खेळणं आहे, लहान मुलांची वाजणारी पेटी. ती दोनदा ध्वनिमुद्रित केली आणि दोन्हींचं फेज, म्हणजे लाटांचं वर-खाली होणं, जुळणार नाही अशी बसवली. म्हणजे ज्याला इतर ठिकाणी चूक म्हणतात ती इथे मुद्दाम केली. पण इथे ती चालते, याची कारणं आहेत. पेटीतल्या धातूच्या पट्ट्या दोन्ही वेळा त्याच असतात, त्यामुळे स्वर माणसाच्या गळ्यासारखे हलत नाहीत. सरकतो तो फक्त काळ, कारण चावी दोनदा तंतोतंत सारख्या वेगाने उलगडत नाही. दोन वेळचे ठोके कधी एकमेकांवर पडतात, कधी निसटतात, आणि त्या निसटण्यातून आवाजाला एक आजारी चमक येते. खोडणं होतंय, पण ते सतत जागा बदलतंय. शिवाय पेटीचा आवाज मुळातच उंच आणि बारीक. खर्ज त्यात नाहीच, त्यामुळे खोडलं जाऊन बसण्यासारखं वजन तिच्याकडे नाही. आणि सर्वांत मुख्य म्हणजे अर्थ तिच्यावर टेकलेला नाही. मोनो रेडिओवर ती थोडी अधिक पातळ वाजली असेल तरी गाण्याला इजा होत नाही. एका मोठ्या माणसाच्या आत कुठेतरी लहानपणचं काही बिघडलेलं वाजतंय, एवढंच तिला दाखवायचं आहे. आणि बिघडलेलं थोडं जास्त बिघडलं तर त्याला कुणी हरकत घेत नाही. मी मिक्स करत असतो तर वृंदाला हात लावला नसता, पेटीला मात्र अजून थोडी मोकळीक दिली असती.